नऊ होलांपुरता उजेड

अकोल्याला दादाच्या घरी जेवणाच्या टेबलावर जाड काच आहे. तिच्याखाली पूर्वी लग्नपत्रिका आणि गॅसवाल्याचा नंबर लिहिलेला कागद असायचा. गेल्या वर्षी दादाने ते सगळं काढलं आणि स्कॉटलंडचा नकाशा आत सरकवला. तेव्हापासून आम्ही त्या किनाऱ्यावर जेवायचो. वहिनी वाढताना विचारायची, "ताट कुठं ठेवू? समुद्रात का जमिनीवर?"

दादा माझा थोरला भाऊ. लष्करात होता. छावण्यांमधून बदल्या होत गेल्या आणि कुठेतरी त्याला गोल्फचा नाद लागला, तो सुटला नाही. निवृत्तीनंतर अकोल्यात घर बांधलं, कारण अकोटजवळच्या गावी आमची शेती आहे. पण इकडे गोल्फचं मैदान कुठून असणार? मग तो थंडीच्या दिवसांत गावाला जायचा आणि ई-क्लासवर खेळायचा. ई-क्लास म्हणजे गावाची चराईची सरकारी जमीन. काळी माती, गुरांच्या खुरांनी तुडवलेली. पावसाळ्यात तिथे पाय रुततो आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. चेंडू भेगेत गेला की गेला. "बाकीच्या दुनियेत अठरा होल असतात," दादा म्हणायचा, "आपल्या इथं अठराशे."

त्याची मुलगी स्कॉटलंडमध्ये नोकरी करते. लहानपणी छावणीत ती बापाच्या मागे मागे फिरत खेळायला शिकली होती. तिनेच म्हटलं की बाबा, या, किनाऱ्या-किनाऱ्याने जाऊ, रोज एक मैदान खेळू. मैदानं तुम्ही निवडा. आणि दादाने ते काम मनावर घेतलं.

मी अमरावतीला राहतो. कॉलेजात ग्रंथपाल होतो, आता घरीच असतो. शनिवारी बडनेऱ्याला गाडी पकडून अकोल्याला यायचं, रविवारी परत, असा क्रम पडून गेला. मला गोल्फमधलं काही कळत नाही. माझं काम वाचून दाखवण्याचं. कुठलं मैदान किती जुनं, तिथे आधी काय होतं, गाव कोळ्यांचं होतं की व्यापाऱ्यांचं. दादा ऐकून घ्यायचा आणि मग स्वतःच्या पद्धतीने बघायचा.

त्याची पद्धत आमच्या घरातल्या स्थळ पाहण्याची. आमच्याकडे मुलीसाठी स्थळ बघायला गेलं की पुरुष पुढच्या खोलीत पोहे खातात आणि आत्या पाणी मागायच्या निमित्ताने थेट मागे जाते. मोरी बघते, चूल बघते, विहिरीला पाणी किती ते बघते, मागच्या दाराची कडी लावून बघते. पुढची खोली कोणीही सजवतं, असं तिचं म्हणणं. दादा म्हणायचा, मैदानाचंही तसंच. संकेतस्थळावरचे फोटो म्हणजे पुढची खोली. तो उपग्रहाच्या चित्रात मैदानाच्या मागे जायचा. मागे रेल्वेचे रूळ आहेत का, शेती आहे का, मेंढ्या कुठवर येतात, वाऱ्याला आडोसा आहे का. दोन नामांकित मैदानं त्याने अशी नापास केली. एकाच्या मागे मोठा रस्ता निघाला, दुसऱ्याच्या मागे सगळी हॉटेलं.

"लोक हजारो मैलांवरून तिथं खेळाले येतात," मी म्हटलं.

"येऊ दे. पोरगी द्याची असती तं तू देल्ली असती का तेथं?"

यात्रा कधी करायची हे आम्ही अगदी पहिल्या शनिवारी ठरवून टाकलं होतं. दिवाळीनंतर. त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. वऱ्हाडातला माणूस फिरायला निघतो तो ऊन सरल्यावर, कापूस घरात येत असताना. मे-जूनमध्ये घराबाहेर पडायचं ही कल्पनाच आमच्या डोक्यात येऊ शकत नाही. फोनवर पुतणीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला खोकला आला.

"बाबा, नोव्हेंबरात इथे चार वाजता अंधार होतो. रोज प्रवास करून वर अठरा होल कसे खेळणार, कंदील घेऊन?"

दादाही हसला. मग मान्य केलं, पुढच्या वर्षीचा जून. तिने एक एक मैदान आरक्षित करत नेलं. वाळूच्या जमिनीवरची, समुद्राला लागून असलेली मैदानं. तिथे नांगर चालत नाही, म्हणून पूर्वी मेंढ्या चरायच्या, आणि मेंढ्यांनी गवत खुरटं ठेवलं म्हणून लोक खेळायला लागले, असं मी वाचून दाखवलं. ते ऐकून दादाने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "म्हणजे ई-क्लासच होय ना ते."

शेवटच्या दिवसाचं मात्र ठरेना. दोन स्थळं उरली होती. एक ते जुनं, जगप्रसिद्ध मैदान, जिथे खेळायला चिठ्ठी टाकावी लागते आणि नाव निघेल याची खात्री नाही. दुसरं उत्तरेला एका टोकावरचं, नऊच होलांचं, तिथे अजूनही मेंढ्या चरतात. मी जुन्याच्या बाजूचा. एवढं जायचं आणि तेच बघायचं नाही? दादा नकाशावर बोट ठेवायचा आणि उचलायचा.

मग दिवाळी झाली, आणि भाऊबीजेनंतर आठवड्याभरात दादा गेला. सकाळी अंगणात पेपर वाचत बसला होता. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा चष्मा डोळ्यांवर तसाच होता. एवढंच लिहितो.

पुतणी आली, दिवस झाले, ती परत गेली. मी शनिवारी अकोल्याला जात राहिलो, कारण न जाऊन अमरावतीला तरी काय करणार होतो? वहिनी आणि मी त्या काचेवर जेवायचो. नकाशा तिने काढला नव्हता. आता ताट कुठं ठेवू हे मात्र ती विचारत नसे.

उन्हं तापायला लागली तेव्हा पुतणीचा फोन आला. आरक्षणं तशीच होती. तिने सरळ विचारलं. रद्द करू का? की आई आणि काका, तुम्ही दोघं या, मी बाबांच्या स्टिकने खेळते, सगळी मैदानं त्यांनी ठरवलेल्या क्रमाने. हवं ते सांगा, पण या महिन्यात सांगा. आणि काका, शेवटच्या दिवसाचं तुम्हीच ठरवा.

वहिनी म्हणाली, "सांगतो." मग फोन माझ्याकडे दिला आणि पोळ्या करायला उठली. जाण्याची तिला ओढ होती, ते मला दिसत होतं. एकुलती एक मुलगी तिकडे आहे, आणि ही मोठ्या घरात एकटी. पण जून म्हणजे वर्षाच्या आत.

ही गोष्ट अकोटला आत्यापर्यंत कशी गेली कोण जाणे. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, पण मागचं दार बघायची तिची सवय गेलेली नाही. रविवारी तिने एसटीने कोणाला तरी सोबत घेऊन अकोला गाठलं. पाणी प्यायली, आणि पदराने तोंड पुसत वहिनीला म्हणाली, "सूनबाई, वरीस झालं नाई अन् तू खेळ पाहाले चालली म्हणते?"

"मी काही ठरवलं नाई, आत्याबाई."

"मंग नकाशा काहून ठेवला काचीखाली?"

वहिनीने आत्याचा रिकामा पेला उचलला. मीच काहीतरी बोललो, की तिकडे लेक आहे, मन रमेल.

"तू पुस्तकं वाच, बापू," आत्या म्हणाली. "मी जाऊ नोको म्हणत नाई. माझा भाचा होता तो. त्याचं वर्षश्राद्ध होऊ द्या. पिंड पाडल्याबिगर त्याच्या खेळाच्या गावाले जाता, तेथं तो भेटन का तुमाले?"

आत्या दुपारी झोपली आणि मी नकाशाजवळ बसलो. वर्षश्राद्ध म्हणजे दिवाळीनंतर. त्या वेळी तिकडे चारला अंधार. रोजचा प्रवास धरला तर दादाने निवडलेलं एकही मोठं मैदान त्या उजेडात पुरं होणार नव्हतं. म्हणजे जाणं रद्द, किंवा आत्याचं मन मोडून जूनमध्ये जाणं. वहिनीला यातलं काही एक निवडायला लागणार होतं आणि ती निवडणार नाही हे मला माहीत होतं. ती नुसती गप्प बसेल, महिना निघून जाईल, आणि मग कायमची इथेच राहील.

आत्या मुक्कामाला होती म्हणून त्या रविवारी मीही परत गेलो नाही. संध्याकाळी पुतणीचा पुन्हा फोन आला, या वेळी चित्रासकट. ती स्वतः त्या उत्तरेच्या टोकावरच्या मैदानावर गेली होती, आम्हाला दाखवायला. वाऱ्याने तिचं बोलणं तुटत होतं. मेंढ्या दिसल्या, खुरटं गवत दिसलं, मागे राखाडी समुद्र.

वहिनी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा नकाशावर वाकली. म्हणाली, "बाई, मले एक सांग. तू खेळशीन. काका तुह्या मागं मागं चालतीन. मी कुठं बसू?"

मी चमकलो. त्या सगळ्या शनिवारांत दादाने मागचे रूळ बघितले, मी शतकं बघितली. वहिनी कुठे बसेल हे आमच्यापैकी कोणी बघितलं नव्हतं.

पुतणीने फोन फिरवला. "हे बघ आई, बाक आहेत. समुद्राकडे तोंड करून." एका बाकाजवळ जाऊन तिने त्याच्या पाठीवरची छोटी पितळी पट्टी दाखवली. "इथे असं करतात. कोणाला ही जागा आवडायची, तो गेला, की घरचे त्याच्या नावाने बाक ठेवतात."

"आपल्या मोक्षधामात आहेत ना तसेच," वहिनी म्हणाली. "सिमेंटचे. स्मरणार्थ लिहिलेले. तेराव्याच्या आधी मी त्याच्यावरच बसली होती." मग थांबून, "तेथं दिवाळीनंतर मेंढ्या असतात का?"

"असतात. पण अंधार लवकर होतो गं. आणि गार."

"नऊ होलांले किती वेळ लागते?"

"दोन तास."

"दोन तास तं उजेड असंल."

पुतणीने फोन पुन्हा स्वतःकडे वळवला. मग तिने सांगितलं की वाळूच्या जमिनीवर पाणी साचत नाही, म्हणून समुद्राकाठची मैदानं हिवाळ्यातही खुली असतात, आणि दुपारी बाराला सुरुवात केली तर चहापर्यंत संपतं. "पण मग बाबांची बाकीची सगळी मैदानं सोडायची?"

"ते त्यायची होती," वहिनी म्हणाली. "त्यायनं पाह्यली. मी एकच पाहतो."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसून पुतणीला लिहिलं. जूनची आरक्षणं रद्द कर, सगळी. एकेका मैदानाचं नाव लिहिताना दादाचं त्यावरचं बोलणं आठवत होतं. जुन्या मैदानाची चिठ्ठी टाकू नकोस असंही लिहिलं. ते वाक्य लिहायला मला बाकीच्या पत्राइतकाच वेळ लागला. नाव निघालंही असतं.

आत्या परत जायला निघाली होती. वहिनीने तिला सांगितलं की वर्षश्राद्ध झाल्यावरच जातो, थंडीत, एकाच ठिकाणी, दोन तासांचं काम आहे. आत्याने ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं असं म्हणणार नाही. तिने काचेवरून हात फिरवला आणि विचारलं, "कोणतं हे?"

वहिनीने उत्तरेच्या टोकावर बोट ठेवलं. ठेवलं ते उचललं नाही.

"वारा लई असंल," आत्या म्हणाली. "कानाले बांधजो."