अंजिरी खणाची चौकट

माझ्या माँटेसरीत एक नियम होता. चटई अंथरून, साहित्य घेऊन मूल कामाला बसलं की त्याला कुणी उठवायचं नाही. प्रत्येक वस्तू एकच असायची, त्यामुळे दुसऱ्याने थांबायचं. बाई स्वतःसुद्धा चटईवर पाय देत नसत, वळसा घालून जात. चार वर्षांच्या मुलीला इतका मान मिळतो, हे मी नंतर कुठेच पाहिलं नाही.

तिथली बाकीची मुलं प्राध्यापकांची, बँकेतल्या साहेबांची. माझी आई ब्लाउज शिवायची. शाळेच्या चौकटींचं कापड तिने शिवून द्यायचं आणि त्या बदल्यात मी तिथे शिकायचं, असं तिने बाईंशी ठरवून घेतलं होतं. सौदा करायला मी तिच्याकडूनच शिकले असणार.

चौकट म्हणजे पाटीएवढं लाकूडकाम, त्यावर कापडाचे दोन पल्ले आणि मध्ये बटणं, हूक किंवा नाड्या. मुलांनी ते लावायचं, काढायचं. बटणांच्या चौकटीला कापड कमी पडलं, तेव्हा आईने आपल्या ओटीत आलेला अंजिरी खण कापला.

"अगं, तो जपून ठेवला होतास ना?" शेजारच्या काकू हळहळल्या.

"ट्रंकेत राहून काय करणार? इथे पोरीच्या हाताखाली तरी राहील."

मला तिने शिकवलं होतं, खालच्या बटणापासून लाव, म्हणजे वर चुकत नाही.

दिवाळीच्या आधी आई काविळीने गेली. तेरावं झाल्यावर वडिलांनी मला पुन्हा शाळेत सोडलं. मी चटई अंथरली आणि ती चौकट घेतली. पाच बटणं लावली, पाच काढली. शाळा सुटेपर्यंत तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. खणाला शिलाई मशीनच्या तेलाचा वास होता. घरातली मशीन वडिलांनी तोवर विकून टाकली होती.

असे बरेच दिवस गेले. एक मुलगा रोज शेजारी हाताची घडी घालून उभा राहायचा. एकदा त्याची आई दारात आली. "आमचा म्हणतो, मी नुसता उभाच असतो." दुसऱ्या दिवशी बाई सरळ माझ्या चटईवर आल्या, माझ्या हातातून चौकट काढून घेतली आणि कपाटावर उंच ठेवली.

"आता पुरे हं बाळ. दुसरं काहीतरी घे."

मी त्यांच्या मनगटाचा चावा घेतला. रक्त आलं. वडिलांनी येऊन हात जोडले आणि पुढच्या सोमवारी मी महापालिकेच्या शाळेत होते. शाळा गेली त्याचं मला काही नाही. बाईंनी चटईवर पाय दिला, त्याचा राग आहे. अजून आहे.

पुढे शहरात कंपन्या आल्या, वाढल्या, मोठ्या जागेत गेल्या. त्यांनी मागे टाकलेल्या खुर्च्या-टेबलं विकत घेऊन मी माझा धंदा उभा केला. एके दिवशी फोन आला. शाळेचा बंगला पाडून तिथे काचेची इमारत होणार होती, सामान काढायचं होतं.

बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. खूप थकल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही, मीही सांगितलं नाही. कोपऱ्यात लाकडांचा ढीग होता आणि त्यात ती चौकट. खण विटला होता, एक बटण वेगळ्याच रंगाचं होतं.

मी हात लावला नाही. आमच्या धंद्यात हवी ती वस्तू हातात घ्यायची नाही, तिच्याकडे बघायचंही नाही. कपाटांचा सौदा झाला की "ती लाकडं वर टाका" म्हणायचं, असं मी ठरवलं.

"कपाटांना वाळवी आहे, बाई."

"मग कशाला नेताय? घरी वाळवी कमी पडतेय का?"

"या भावात मला नवी मिळतील."

"मग नवी घ्या. आम्ही कुठे अडवलंय?"

माझं डोकं फिरलं. मी उठले आणि चालू लागले. हा माझा हुकमी डाव. फाटकाशी पोचेपर्यंत मागून "अहो, थांबा" येतंच. आलं नाही. मी टेम्पोत थोडा वेळ बसून राहिले, मग निघाले.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी परत गेले तर कोपरा झाडून स्वच्छ. वॉचमन विदर्भाकडचा होता. "ते लाकडं? बाईंनीच नेऊन टाक म्हटलं. लय थंडी होती जी, पेटवली."

"अहो, ती हवी होती का तुम्हाला?" बाई व्हरांड्यातून म्हणाल्या. "बोलायचं नाही का मग? अशीच दिली असती."

मी बंगल्याच्या मागच्या बाजूला गेले. राखेपाशी बसले आणि काडीने उकरू लागले. हूक सापडले. नाड्यांच्या चौकटीच्या पितळी कड्या सापडल्या, बारीक खिळे-चुका सापडल्या. आईने लावलेली बटणं प्लास्टिकची होती. तरी मी उकरत राहिले.

"काय शोधता जी?" वॉचमन झाडू घेऊन जवळ आला.

"थांब रे," माझ्या मागोमाग आलेल्या बाई म्हणाल्या. "त्यांचं होऊ दे. मध्ये जाऊ नकोस."

तो वळसा घालून गेला.