पाठीवर ‘हसल’

रॅप करायचा तर आधी कपडे लागतात, हे मला मोबाइलनं शिकवलं. आमच्या आसगावात धानाची कमी नाही, पण स्टाइलचा नुसता दुष्काळ. माझा पहिला व्हिडिओ निघणार होता आणि तो बघून तालुक्याच्या, पवनीच्या पोरांनी मला खरा रॅपर मानावं, एवढंच माझं मागणं होतं. म्हणून ऑनलाइन काळा ओव्हरसाइज टी-शर्ट मागवला. बाह्या कोपराखाली, पाठीवर इंग्रजीत हे मोठं ‘हसल’.

पार्सल उघडताच आई म्हणाली, ‘फसवलं तुले. यात दोघं मावतेत.’

‘आई, हिप-हॉपवाले असाच घालतेत. ढिल्लाच पाहिजे.’

‘अन् मागं काय लिवलं?’

‘हसल.’

‘हसेल? आपल्याकडं हसन म्हनतेत. अन् सारा गाव हसनच.’

मी कपाळावर हात मारला. अगं, हसल म्हणजे पोटासाठीची धडपड, हे समजावायला गेलो तर ती भाजी परतायला निघून गेली.

शूटिंगच्या सकाळी पवनीचा मित्र चांगला मोबाइल अन् सोनेरी साखळी घेऊन हजर झाला, आणि दोरीवरचा टी-शर्ट गायब. आईही गायब. बाप्पा, रोवणा! आमच्याकडं बाया धान रोवायला जाताना साडीवर घरच्या माणसाचा जुना, ढगळ शर्ट चढवतात. आम्ही दोघं शेताकडं धावत सुटलो. चिखलात वाकलेल्या बायांची रांग, अन् त्यातल्या एका पाठीवर ‘हसल’.

‘आई, काढ तो!’

‘अगा, भर धानाच्या बांधीत मायले कपडे काढाले सांगून राहिला का?’ शेजारची काकू ओरडली, अन् अख्खी रांग खिदळली.

‘तुया बाबाचा शर्ट बगलेत फाटला,’ आई म्हणाली. ‘हा मस्त ढिल्ला आहे. कामाले लय बरा.’

मला रडूच यायचं बाकी होतं. मित्र म्हणाला, जाऊ दे बे, साध्याच कपड्यात सुरू कर. मग बांधावर उभा राहिलो, साखळी घातली, हात झटकले अन् ओळ फेकली, ‘घाम गाळला, चिखल तुडवला, तवा कुठं हा आवाज घडवला!’

आई ताठ उभी राहिली. ‘कवा?’

‘काय कवा?’

‘घाम कवा गाळला? चिखल कवा तुडवला?’

रॅपमध्ये स्वतःचं जगणंच गायचं असतं, खोट्याला माफी नाही, असं मीच मित्राला येताजाता ऐकवायचो. तो मेला मोबाइल धरून खदखदत होता. आईनं रोपांची एक पेंडी माझ्या पायाशी फेकली. ‘ये. मंग म्हन.’

कार्गो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो. थोड्याच वेळात कंबर बोंबलायला लागली, अन् गाण्यापुरताही दम उरला नाही. रोपं सगळी वाकडीतिकडी. मित्रानं सारंच शूट केलं, अन् मी नको नको म्हणेपर्यंत टाकलंही. पवनीच्या पोरांनी मला रॅपर मानलं की नाही, देव जाणे. कमेंटमध्ये जो तो विचारत होता, मागच्या टी-शर्टवाल्या काकू कोण?

संध्याकाळी मी आईला व्हिडिओ दाखवला. वाटलं, माझी फजिती बघून पोट धरून हसेल. ती म्हणाली, पुन्हा लाव. पुन्हा लावला. माझ्याकडं तिचं लक्षच नव्हतं. कमरेवर हात ठेवून ती मागची रांग बघत होती.

‘इतकी वाकतो का गा मी?’

यमकं जुळवणारं माझं तोंड, त्यातून नुसतं ‘हो’ निघालं.