चिंचेचा ओंडका

पालघरच्या हाडांच्या डॉक्टरांनी ह्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की उजव्या खांद्यातली शीर अर्धी तुटलीय. कुऱ्हाड सोडली नाहीत तर हात उचलता येणार नाही. ह्यांनी मान डोलावली. घरी आल्यावर चारच दिवसांत मी बाजारातून परतले तर चुलीमागे ताज्या फोडलेल्या सरपणाची रास. विचारलं तर म्हणाले, "जुनंच हाय ते." जुन्या लाकडाला असा ओला वास येतो होय?

आम्ही केळव्याला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना जेवण देतो. पाहुण्यांना चुलीवरचंच हवं असतं. गॅसवरचं कालवण त्यांना ओळखू येत नाही, पण धूर दिसला नाही की विचारतात. तेव्हा सरपण लागतंच, आणि पूर्वी डोंगराकडून फोडायला येणारी माणसं आता कामासाठी लांब जातात. मी वर्षभर डोळ्यांत तेल घालून ह्यांच्यावर पहारा केला. जेवणं करायची की नवरा राखायचा? थकून गेले होते मी.

मग गेल्या महिन्यात ताजं सरपण दिसेनासं झालं. हे झावळ्या आणि बारीक फांद्यांवर भागवायला लागले. मला वाटलं, उशिरा का होईना, डॉक्टरांचं पटलं. त्याच सुमारास मी लाकूड फोडायच्या यंत्राचं काढलं, तर हे भांडलेसुद्धा नाहीत. "घेऊ," म्हणाले.

बोईसरला एक मिस्त्री असली यंत्रं बनवून देतो असं कळलं. जायच्या आदल्या दिवशी ह्यांनी चाचणीसाठी ओंडका निवडला. सुरूचा, सरळसोट, एक गाठ नाही. वरची साल काढली, फडक्यानं पुसला आणि धुतलेल्या गोणत्यात घातला. परक्याच्या दारात जायचं तर चांगलं तेच न्यायचं, ही आमच्याकडची रीत. मीही त्यात काही वावगं पाहिलं नाही. उलट गोणत्याचं तोंड मीच बांधलं.

मिस्त्रीनं दोन यंत्रं दाखवली. एकात टोकदार स्क्रू गरगर फिरतो आणि लाकडात घुसून ते फाडतो. त्याच्याकडे बघून मिस्त्री मला म्हणाला, "ये आपके लिए नहीं, आंटीजी. साड़ी खींच लेगा." दुसरं संथ. लोखंडी चौकटीत ओंडका आडवा ठेवायचा, तेलाच्या दाबानं एक जाड दांडा त्याला ढकलत समोरच्या पाचरीवर नेतो. दोन मुठी आहेत. दोन्ही हातांनी धरल्या तरच चालतं, एक सोडली की थांबतं. म्हणजे हात मध्ये जायची भीती नाही. मुठी कमरेच्या उंचीवर. ह्यांनी त्या धरल्या आणि आमचा सुरू काकडीसारखा दुभंगला. मला इतकं हलकं वाटलं, की मी तिथेच स्टुलावर बसले.

यंत्र घरी आलं. पहिल्या शनिवारी सकाळी वीस माणसांचं जेवण होतं आणि परसात उरला होता तो चिंचेचा ओंडका, बेचक्याचा, आत पीळच पीळ. दांडा त्याला घेऊन पाचरीवर गेला, ओंडका दोन बोटं रुतला आणि दांडा थांबला. मोटार नुसती घुमत राहिली. दांडा मागे घेतला तरी ओंडका पाचरीवरच अडकलेला. मी मिस्त्रीला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाला, "टेस्टिंग के लिए सबसे खराब लकड़ी लानी थी ना. इमली लाते तो बड़ी मशीन देता."

मी फोन ठेवून वळले तर ह्यांच्या हातात कुऱ्हाड.

"ठेवा ती खाली," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. हे ऐकेनात. पाय फाकवून उभे राहिले, कुऱ्हाड उचलली आणि ती छातीपर्यंत येऊन थांबली. पुन्हा उचलली. पुन्हा तिथवरच. डाव्या हातानं उजव्याला खालून रेटा देऊन पाहिला, पण खांद्यानं काही साथ दिली नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"महिना झाला," हे म्हणाले. "तुला सांगणार होतो."

मला त्यांचा राग आला, डॉक्टरांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझाच आला. ज्या हातासाठी मी बोईसर गाठलं, तो आधीच गेला होता, आणि मी शहाणपण आलं म्हणून खूश झाले होते.

हे कुऱ्हाड टेकवून उभे होते. मग तिचा दांडा माझ्याकडे केला. चाळीस वर्षांत त्यांनी मला तिला हात लावू दिला नव्हता. म्हणाले, "गाठीवर मारू नको. मी दाखवतो तिथं, कडेनं मार." त्यांनी बोटानं जागा दाखवली आणि बाजूला झाले. पहिले दोन घाव भलतीकडेच गेले. हे पुन्हा बोट ठेवून बाजूला झाले. किती घाव लागले मोजले नाहीत, पण ओंडका फुटून पाचरीवरून सुटला.

पाहुणे यायची वेळ झाली होती. मी भाकरीचं पीठ मळायला बसले तेव्हा हे शेजारी बसून डाव्या हातानं परातीत पाणी ओतत होते.