झाकून नेलेला चेहरा

रामवाडीच्या गणपती कारखान्यात मूर्तींचे डोळे आखणाऱ्या त्या बाईचे नाव मी कधी विचारले नाही. यंदा मूर्ती न्यायला गेलो, तेव्हा ब्रश न थांबवता तिनेच विचारले, "गुरुजी, पैसे घेऊन दुसऱ्याचा पोर पोटात वाढवायला आता बंदी हाय काय? मागं एकदा केलाय मी. आता नवऱ्याचा पाय धरमतरच्या बंदरात बार्जखाली चिरडला. ऑपरेशन करायचाय."

मी वर्गात सांगावे तसे क्रमाने सांगितले: सरोगसीसाठी मोबदला घेता येत नाही, औषधोपचाराचा खर्च आणि विमा तेवढा मिळतो, आणि सरोगसीही आयुष्यात एकदाच करता येते.

"म्हंजे डॉक्टरला पैसे, वकिलाला पैसे, आन मीच तेवढी मायेनं करायची?" ती हसली. "माझा एकदा तर होऊन गेला."

मग तिने माझ्या मूर्तीची बुबुळे श्वास रोखून पुरी केली आणि रिवाजाप्रमाणे चेहऱ्यावर रुमाल टाकला.

"तो पोरबी असाच झाकून नेला. डोळं नाय बघितलं मी त्याचं." ब्रश धुता धुता ती म्हणाली, "घरी काय सांगू, तेवढा सांगा."

मी झाकलेली मूर्ती उचलली. तिने डोळे नसलेली पुढची मूर्ती जवळ ओढली.