कोंबडखताचा ढीग आणि माझी इस्त्रीची साडी

कोंबडखत तयार झालंय, हे मी ढिगाच्या माथ्यावर दोन बोटं टेकवून ठरवलं. दोनच. साडी इस्त्रीची होती ना!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नाशिकला नवीकोरी कृषी सहायक, घरी वर्षाचं पोर. मखमलाबादच्या बाजूला सखूबाई भाजीपाला करायच्या. त्यांच्या वांग्यात माझा डेमो प्लॉट होता. पोल्ट्रीतली विष्ठा कच्चीच घातली तर मुळं भाजतात. म्हणून ती तुसात मिसळून ढीग लावायचा, पाणी मारायचं, वरखाली करायचा आणि आतली धग निवेपर्यंत थांबायचं. हे सगळं मीच त्यांना शिकवलेलं.

"मॅडम, पहार खुपसून बघू का? आत गरम असंल."

"गरज नाही. मी बीएस्सी अ‍ॅग्री आहे."

"मंग ऱ्हायलं," म्हणत सखूबाईंनी पहार झाडाला टेकवली.

आठवड्यात साहेब प्लॉट बघायला येणार, म्हणून मला घाई. खत थेट बुंध्याशी घालायला लावलं. चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, रोपांनी माना टाकल्या. बी सखूबाईंच्या माहेरचं. होतं नव्हतं तेवढं सगळं पेरलेलं. रोपं गेली की वाणच गेला.

साहेबांची जीप द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकावी म्हणून मी नवस बोलले. जीप वेळेवर आली.

"काय हो मॅडम, भरीत रोपावरच करायचं ठरवलंत?"

"सर, खत जरा..."

"ढीग आतून पाहिला होता?"

"वरून... पाहिला होता."

साहेबांनी उरलेल्या ढिगात पहार रोवली, थोड्या वेळानं उपसली आणि खुपसलेल्या टोकाकडून माझ्या हातात दिली. मी किंचाळून ती टाकली. माझं पाऊल थोडक्यात वाचलं.

मग पदर खोचला. सखूबाई आणि मी दिवसभर एकेका बुंध्याजवळचं खत खरवडून काढत होतो, पाणी सोडत होतो. साडीचं काय झालं ते विचारू नका. दोन सऱ्या तेवढ्या सावरल्या. बियाण्यापुरती वांगी मिळाली, वाण वाचला.

पुढे नोकरी संपेपर्यंत प्रत्येक ढिगाला मी आधी पहार लावली आणि शेतावर जाताना इस्त्रीची साडी नेसले नाही.

बियाण्यासाठी राखलेली पिवळीधमक वांगी उतरवताना सखूबाईंनी अगदी काळजीनं विचारलं, "मॅडम, घरी लेकराला ताप आला तर काखेत हात घालून बघता ना? का टोपडं चाचपून सोडून देता?"