पुसलेला आवाज

धरणगावात प्रेमराजचं दुकान विचारा, शेंबडं पोरही सांगेल, "तो पेंग्विनवाला ना? भांड्यांच्या दुकानाच्या वर." हे नाव पडलं लिनक्समुळे. लिनक्सचं चिन्ह पेंग्विन, आणि गावातल्या मरायला टेकलेल्या कॉम्प्युटरांत प्रेमराज तेच घालून द्यायचा. जुन्या विंडोजला आता कंपनी विचारत नाही, नवं विंडोज जुन्या मशीनला पेलत नाही, आणि जळगावचा दुकानदार तोंड वर करून सांगतो, "भंगारात घाला, नवं घ्या." हे ऐकलं की प्रेमराजचं डोकंच फिरायचं. भंगारात घाला म्हणे! चष्म्याचा नंबर वाढला म्हणून डोळे काढून फेकतं का रे कोणी? लिनक्स फुकटचं आणि अंगाने हलकं. धूळ झटकून ते घातलं की दहा-बारा वर्षांचं मशीनही उठून बसायचं.

त्याआधी त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. अर्धं गाव त्याच्याकडे माउस धरायला शिकलं. क्लासमध्ये त्याने एक गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकली होती: "सी विंडोजचं, डी आपलं." डिस्कचे दोन भाग करायचे. सी मध्ये सिस्टीम ठेवायची, बिघडली तर तेवढाच भाग पुसून पुन्हा भरायचा. आपले फोटो, आपली गाणी, आपलं जे काही असेल ते डी मध्ये, आणि डी ला कोणी हात लावायचा नाही. गावाने हे इतकं मनावर घेतलं की गल्लीतल्या मंजुळाबाई घरातल्या आतल्या कपाटालाच डी म्हणायच्या. "जा व बाई, नवं लुगडं डी मा शे," असं सुनेला सांगायच्या.

त्याच क्लासमध्ये सुकदेवनाना शिकले. नाना म्हणजे गावाचा आवाज. साड्यांचा सेल असो, सर्कस असो, निवडणूक असो, रिक्षावर भोंगा बांधून गावभर फिरायचे ते नाना. पुढे घरच्या कॉम्प्युटरवर आवाज भरून ठेवायला लागले, म्हणजे रिक्षा कोणीही फिरवावी. कोणी गेलं की "दुःखद निधन"ही त्यांच्याच आवाजात. त्यांची बायको गेली तेव्हा लोक म्हणाले, नाना, आज राहू द्या, दुसरं कोणी बोलेल. नाना म्हणाले, "मन्हा घरनं मरण दुसरा सांगी का?" आणि तीही बातमी त्यांनी स्वतःच भरली.

मग पुडीने डाव साधला. आयुष्यभर तोंडात तंबाखू धरलेली, तिने तोंडच खाल्लं. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये जीभ गेली, जबड्याचा एका बाजूचा भाग गेला. नाना वाचले, पण बोलायला गेले की नुसती घरघर यायची, हनुवटीवर लाळ उतरायची. एका दुकानात कोणी त्यांच्यापुढे कागद आणि पेन सरकवलं, तर ते फेकून नाना ताडकन निघून गेले. तेव्हापासून गावाने एक रीतच पाडून घेतली. नाना काही बोलले की मान हलवायची आणि म्हणायचं, "हो हो नाना, समजलं." कोणाला काही समजायचं नाही, पण दोनदा बोलायला लावून त्या माणसाचे हाल कोण करणार? सगळ्यांना वाटायचं, आपण पुण्याचं काम करतोय.

नानांची एकुलती एक लेक दिपमाला. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने प्रेमराजला फोन केला. "काका, नानांचा कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये, कंपनीचं चिन्ह येतं आणि तिथेच अडकतं. नाना तो घेऊन तुमच्याकडे येताहेत. त्यात माझ्या लग्नासाठी त्यांनी बोलून ठेवलंय, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. मीही ऐकलेलं नाही. लग्नाच्या मांडवातच वाजवायचं, असं त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. जपा हं काका."

"बेटा, डी मध्ये आहे ना? मग ब्रह्मदेव आला तरी त्याला धक्का लागत नाही," प्रेमराज म्हणाला.

नाना आले. मशीन आणि मॉनिटर काउंटरवर ठेवला आणि काहीतरी बोलले. मग मॉनिटरच्या काळ्या काचेवर मधोमध बोट ठेवून टकटक केली. प्रेमराजने फडकं घेतलं आणि काच पुसली. "हो हो नाना, धूळ लई झालीये." नानांनी मान जोरात हलवली, पुन्हा तिथेच बोट आपटलं, पुन्हा बोलले, या वेळी मोठ्याने. मानेच्या शिरा ताणल्या, लाळ ओघळली. ती त्यांनी घाईने रुमालाने टिपली आणि खाली बघितलं. प्रेमराजला ते बघवेना. "समजलं नाना, सगळं समजलं. तुम्ही बिनघोर राहा." नाना क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले आणि गेले.

आता, प्रेमराज काही निष्काळजी माणूस नव्हता. त्याने लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून त्यावरून मशीन चालू केलं आणि आधी डी उघडलं. आत "आवाज" नावाचं फोल्डर, गच्च भरलेलं. एक फाइल लावली. साड्यांचा सेल! "या हो माताभगिनींनो, या!" काय तो आवाज, खणखणीत! प्रेमराजच्या अंगावर काटा आला, डोळे भरून आले. सापडलं म्हणाला, लग्नाचंही यातच असणार. ते सगळं फोल्डर त्याने स्वतःच्या मशीनवरही उतरवून घेतलं. मग सी पुसलं आणि तिथे लिनक्स भरलं. मशीन असं पळायला लागलं की बघत राहावं.

दुसऱ्या दिवशी नाना आणि दिपमाला आले. प्रेमराजने ऐटीत फोल्डर उघडून दिलं. नानांनी माउस हातात घेतला, फाइली वरखाली केल्या. त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी फोल्डर बंद केलं, पडद्यावरची मागची खिडकीही बंद केली. समोर नुसता मोकळा डेस्कटॉप राहिला. त्याच्या मधोमध त्यांनी बोट ठेवलं, कालच्याच जागी.

प्रेमराजच्या पायाखालची जमीन सरकली. "नाना... डेस्कटॉपवर होतं?"

नानांनी मान हलवली.

डेस्कटॉप सी मध्येच असतो. प्रेमराजने पढवल्याप्रमाणे नानांनी जन्मभराचं सगळं डी मध्ये ठेवलं होतं. फक्त लेकीसाठी बोललेलं तेवढं फोल्डरात कोंडलं नव्हतं. मशीन लावलं की पहिलं तेच डोळ्यांपुढे यावं म्हणून बाहेर ठेवलं होतं. आता बोला! काल बोट ठेवून हेच सांगत होता ना तो माणूस? आणि याने काय केलं, तर फडक्याने काच पुसली.

प्रेमराजने डिस्क बाहेर काढून पुसलेलं परत आणायचे सगळे उपाय केले. ज्या जागी ती फाइल होती, नेमकं तिथेच नवं लिनक्स जाऊन बसलं होतं. हाती लागले ते दोन तुकडे, त्यांतून नुसती किरकिर यायची. जळगावच्या माणसानेही हात टेकले. प्रेमराजला घास गोड लागेना. आपल्याच थोबाडात मारून घ्यावी असं त्याला वाटायचं. त्याने मनाशी शपथ घेतली की आता समजल्याशिवाय नानांपुढे मान म्हणून हलवायची नाही.

शेवटी तो डी मधल्या जुन्या जाहिराती ऐकत बसला. म्हटलं, तुकडे जोडून काही होतं का बघू. स्वागत सेलमधून मिळालं, आशीर्वाद निवडणुकीतून मिळाला, पण लेकीचं नाव कुठून आणायचं? सगळ्या फाइलींत ते एकदाच सापडलं. "त्यांच्या पश्चात पती सुकदेव आणि कन्या दिपमाला..." बायकोच्या मरणाची बातमी होती ती. प्रेमराजचा हात थांबला. पण दुसरा इलाज नव्हता. त्याने नाव कापून घेतलं, जोडलं आणि पेनड्राइव्हवर भरून नानांना नेऊन ऐकवलं.

नाना डोळे मिटून ऐकत होते. नाव आलं तसे ते दचकले. ते नाव घेताना आवाज कुठे फुटला होता, ते त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी पेनड्राइव्ह काढला आणि प्रेमराजच्या खिशात ठेवून दिला.

लग्न लागलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि नानांनी भाड्याच्या निवेदकाच्या हातून माइक घेतला. नाना बोलू लागले. भोंग्यातून नुसती घरघर बाहेर येत होती, पण चढउतार तेच, थांबायच्या जागा त्याच, पूर्वी सेलच्या जाहिरातीत असायच्या तशाच. एका ठिकाणी त्यांनी जावयाकडे हात केला, एका ठिकाणी आभाळाकडे. पुष्कळ बोलले. पाहुणे मान हलवत होते, कोणी "वा नाना" म्हणालं, मग टाळ्या पडल्या. नानांनी हनुवटी पुसली आणि खुर्चीत जाऊन बसले.

पाठवणीच्या वेळी दिपमाला गर्दीतून वाट काढत प्रेमराजकडे आली. रडून डोळे सुजले होते.

"काका, नाना काय बोलले?"

"मी काय सांगू बेटा, मला तरी कुठे..."

"असं काय करता! तुम्ही मान हलवत होता ना. मी स्टेजवरून तुमच्याकडेच बघत होते. म्हटलं, चला, एकाला तरी समजतंय."

प्रेमराज गार पडला. मान कधी हलली, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. गाडीपाशी नाना उभे होते आणि दोघांकडे बघत होते.

"सुखी राहा म्हणाले," प्रेमराज म्हणाला. "आणि तुझ्या आईची आठवण काढली."

दिपमालाने त्याच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग तिने मान हलवली.

"हो काका," ती म्हणाली. "समजलं."