पपनस, लसूण आणि कोलेस्टेरॉलची गोळी

माणसाला रिकामा वेळ आणि दोस्तांसारखीच बिमारी मिळाली, की किस्से जमायला वेळ लागत नाही. माजरीच्या कॉलनीत सकाळी फिरून आलो की आम्ही मैदानातल्या बाकावर बसतो. मी, वामनभाऊ आणि देवरावभाऊ कोळसा खाणीतून रिटायर झालेले, सलीमभाईंचं टेलरिंगचं दुकान. चौघांनाही कोलेस्टेरॉलची गोळी. चौघे बसायचो, आता तिघेच बसतो.

*

वामनभाऊचा मटणावर भारी जीव. एका जेवणावळीत तो दुसऱ्यांदा रस्सा घेत होता, तेव्हा मी अडवलं.

"डॉक्टरनं तेलकट बंद केलं ना तुले?"

"टेन्शन नको घेऊ बे! आज दोन गोळ्या खाल्ल्या. एक माझी, एक बोकडाची!"

*

ईदला सलीमभाईंकडे गेलो. भाभीनं आमच्यासमोर बिर्याणी ठेवली आणि सलीमभाईंसमोर दलिया. त्यांना एकदा अटॅक येऊन गेलेला.

"भाभी, आज सणाचा एक घास तरी द्या," देवरावभाऊ म्हणाला.

"रहने दो भाऊ," सलीमभाई म्हणाले, "मैयत के घर में भी इससे अच्छा खाना मिलता है!"

आम्ही हसलो. भाभी हसली नाही.

"मिलता है ना," ती म्हणाली. "बस, वो खाना मुझे किसी को खिलाना नहीं है."

*

मग वामनभाऊला कोणीतरी सांगितलं, की उपाशीपोटी लसूण खाल्ला की चरबी वितळते. त्यानं गोळी सोडली आणि लसूण धरला. आम्ही समजावून थकलो.

"अरे, लसूण खा, पण गोळी तर चालू ठेव!"

"रिपोर्ट नॉर्मल आला ना? मंग कायले पाहिजे गोळी?"

"वामनभाऊ, या वासानं वाघ बी जवळ येणार नाई!" सलीमभाईसुद्धा वऱ्हाडीत बोलले.

"वाघाचं सोडा, बायको बी येऊन नाई राह्यली!"

महाशिवरात्रीला तो मार्कंड्याच्या जत्रेत गेला. वैनगंगेच्या रेतीत चालता चालता छाती धरून बसला. गाडी येईपर्यंत संपला. बायको शांताबाई सोबत होती. त्याच्या शर्टाच्या खिशात तिला सोललेल्या पाकळ्या सापडल्या.

तेरवी झाल्यावर आम्ही भेटायला गेलो. शांताबाई चुलीपुढे होती.

"त्या दिवसापासून भाजीले लसणाची फोडणी देत नाई जी मी," एवढंच बोलली.

*

या पावसाळ्यानंतर देवरावभाऊचे पाय दुखायला लागले. मांड्या भरून यायच्या, जिना चढवेना. फिरण्यानं असेल, म्हणून आम्ही तेल चोळायला सांगितलं. मग लघवी काळ्या चहासारखी झाली, तेव्हा मी आणि सलीमभाईंनी त्याला चंद्रपूरला नेऊन भरती केलं.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी खाण्यापिण्याचं सगळं विचारलं. दारू नाही, तंबाखू नाही. रोज एक पूर्ण पपनस!

"काका, तुमच्या या गोळीसोबत पपनस चालत नाही. त्यानं गोळीचा असर अंगात वाढत गेला, स्नायू खराब झाले. किडनीवरही ताण आलाय."

सलाईन लागली, गोळी बंद झाली. किडनी वाचली. सुटी देताना बाईंनी दुसऱ्या जातीची गोळी लिहून दिली आणि बजावलं, "पपनस मात्र मला विचारल्याशिवाय नाही."

देवरावभाऊच्या क्वार्टरमागचं पपनसाचं झाड त्याच्या बायकोनं, सुशीलाबाईनं लावलेलं. ती गेल्या उन्हाळ्यात वारली.

बाकावर परत आला, तेव्हा मी वैतागून म्हणालो, "इतकं आवडते काय रे तुले पपनस?"

"कुठी आवडते! कडू लागते मले."

"मंग काऊन खाऊन राह्यला होता रोज?"

देवरावभाऊ गुडघे चोळत राहिला.

"खाली पडून सडून राह्यले होते ना. तिले तिच्या झाडाचं एक फळ वाया गेलेलं चालत नव्हतं."